साखळी प्रार्थना

सालोमीबाईंचा हात जड होता. त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला की मान आपोआप खाली जायची, आणि बघणाऱ्यांना वाटायचं, एस्तेर किती नम्रपणे प्रार्थनेला बसलीय.

"प्रभू, हिची कूस उघड," त्या म्हणाल्या. "सारेची उघडलीस, हन्नेची उघडलीस, म्हाताऱ्या अलीशिबेचीसुद्धा उघडलीस. ही तर अजून तरणी आहे. हिच्यात जे काही अडलंय ते मोकळं कर, प्रभू."

"आमेन," सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

मी पदराखाली डोळे उघडे ठेवून सतरंजीकडे बघत होते. एक मुंगी शेवेचा तुकडा ओढत चालली होती. आपण देवाला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. जे सांगायचं ते सालोमीबाईंनी सांगून टाकलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून ऐकताना ते माझं राहिलंच नव्हतं.

प्रार्थना संपली. बायका पदर सारखे करत चहाची वाट बघायला लागल्या. तेवढ्यात आतल्या खोलीची कडी वाजली. माझे सासरे बाहेर आले, कुणाकडे न बघता अंगणात गेले आणि तोंडावर पाणी मारू लागले.

हे आमच्या घरात दर शुक्रवारी व्हायचं. सासूबाई बाहेरच्या खोलीत बायका जमवायच्या, आणि त्या जमायला लागल्या की सासरे आत जाऊन दार लावून घ्यायचे. सासऱ्यांना सगळं बेलपिंपरी उजागरे मास्तर म्हणायचं. मिशनच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. मी त्यांना पप्पा म्हणत असे. पप्पांचं म्हणणं सरळ होतं. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव आणि जो गुप्तपणे बघतो त्याच्याशी बोल, असं खुद्द प्रभूनं सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. दोघं-तिघं त्याच्या नावानं जमले तर तिथं तो हजर असतो, हेही त्यानंच सांगितलंय.

"देवाला काय कमी ऐकू येतं?" पप्पा विचारायचे. "त्याला सांगायला गल्ली कशाला जमवायची?"

"एका लाकडाची शेकोटी होते का?" सासूबाई म्हणायच्या. "एकटं लाकूड नुसतं धुमसतं. तुमच्यासारखं."

हा वाद माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू होता. दोघांचीही बाजू मला पटायची, आणि जी शेवटची ऐकली ती जास्त पटायची.

माझं आणि जयवंतचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. मी मिशनच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायचे, जयवंत साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. मूल होत नव्हतं. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "तुझं सगळं ठीक दिसतंय. आता नवऱ्याला पाठव." जयवंत एकटा जाऊन आला. बूट काढता काढता म्हणाला, "माझंही ठीक आहे. वाट बघा म्हणाले."

दोघांचंही ठीक, मग अडतंय कुठं? डॉक्टरकडे उत्तर नाही म्हटल्यावर प्रश्न देवाकडे गेला, म्हणजे शुक्रवारच्या बायकांकडे. आणि बायकांनी तो माझ्या डोक्यावर आणून ठेवला. कुणी म्हणायचं, हिच्या माहेरी काही जुना शाप असेल. कुणी म्हणायचं, हिचा विश्वास कमी पडतोय. हे सगळं त्या मला नाही, देवाला सांगायच्या, माझ्यासमोर, डोळे मिटून. त्यामुळे मला त्यांना उत्तरही देता यायचं नाही.

एका शुक्रवारी मात्र मला राहवलं नाही. बायका गेल्यावर मी पप्पांकडे गेले. ते पुढच्या वर्षाच्या संडे स्कूलसाठी जलप्रलयातल्या तारवाचं चित्र रंगवत होते.

"पप्पा, हे थांबवा ना. आई तुमचं ऐकतील."

"माझं?" ते हसले. "बस इथं. तुला येसुदासचं माहीत आहे का?"

येसुदास म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो फार वर्षांपूर्वी गाव सोडून गेला एवढंच मला माहीत होतं.

"तेव्हा मीही बसायचो त्यांच्यात," पप्पा म्हणाले. "साखळी प्रार्थना चालली होती. एकानं संपवायचं, शेजारच्यानं सुरू करायचं. येसुदास दारू प्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी कुणीतरी प्रार्थनेत म्हणालं, त्याला दारूतून सोडव आणि त्या पाटाजवळच्या बाईच्या नादातूनही सोडव. बाईचं कुणालाच माहीत नव्हतं. येसुदास तिथंच बसला होता. त्याचा मोठा मेव्हणा बसला होता. सगळे आमेन म्हणाले. सकाळच्या गाडीनं तो गेला तो गेलाच."

"कोण म्हणालं होतं तसं?"

पप्पांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ हलवत राहिले. स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापत होत्या. पप्पांनी एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा चित्राकडे वळले.

"तिनं वाईट हेतूनं केलं नव्हतं," ते म्हणाले. "तिला खरंच वाटत होतं, सगळ्यांनी मिळून मागितलं तर तो सुटेल. तोच तर घोळ आहे, पोरी. हेतू वाईट असता तर सोपं होतं."

कारखान्याचा हंगाम संपला आणि जयवंतला सुट्टी लागली. सासूबाईंनी लगेच आम्हा दोघांसाठी उपास-प्रार्थना ठरवली. जयवंत एरवी या बैठकांना बसायचा नाही, कामाचं निमित्त सांगायचा. या वेळी निमित्त उरलं नव्हतं.

"बसलंच पाहिजे का?" त्यानं विचारलं.

"तुझ्यासाठीच आहे ना रे," सासूबाई म्हणाल्या. "बायको एकटी किती दिवस बसेल?"

हे ऐकून त्याचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, उपाशीपोटी राहायचं म्हणून असेल.

त्या शुक्रवारी भर दुपारी सगळे जमले. ऊन इतकं होतं की दारावर ओलं पोतं टांगावं लागलं. आम्हा दोघांना मध्ये बसवलं. पप्पा रीतीप्रमाणे आत गेले आणि कडी लागली. गाणं झालं, सासूबाईंनी वचन वाचलं, मग साखळी सुरू झाली. सालोमीबाई माझ्या मागेच उभ्या होत्या, त्यांचा हात डोक्यावर आला. एकीचं संपलं की दुसरी, दुसरीचं संपलं की तिसरी. माझ्या कुशीबद्दल, माझ्या विश्वासाबद्दल, माझ्या माहेराबद्दल. मग जयवंतची पाळी आली.

जयवंतची प्रार्थना एका वाक्याची असते हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना आशीर्वाद दे, आमेन. बायका आमेनच्या तयारीतच होत्या.

"प्रभू," तो म्हणाला आणि थांबला. मग पुन्हा म्हणाला, "प्रभू, हिच्यात काही दोष नाही. दोष माझ्यात आहे. डॉक्टरनी मला सांगितलं होतं. मूल होणार नाही म्हणाले. औषध नाही म्हणाले. मला सांगता आलं नाही. आईला नाही, पप्पांना नाही, हिलाही नाही. आता तू... हिच्या डोक्यावरचा हात काढायला सांग, प्रभू. आमेन."

कुणीच आमेन म्हणालं नाही.

सालोमीबाईंचा हात तसाच होता, पण त्यातलं वजन गेलं. तो माझ्या केसांवर नुसता तरंगत होता. हात काढावा तर जयवंतनं सांगितलं ते त्यांनी ऐकलं असं होईल. ठेवावा तरी कसा? त्यांना कळेना. मलाही कळेना. डोळे उघडले तर प्रार्थना मोडेल, आणि मिटून बसले तर मी आत्ता ऐकलं त्याचं काय करायचं?

आणि पुढची पाळी माझी होती.

सगळे थांबले होते. मी तोंड उघडलं. तसंच मिटलं. बाहेर कुठंतरी बैलगाडीचं चाक करकरत गेलं, तो आवाज पार लांब जाईपर्यंत ऐकू आला. शेजारी जयवंत तसाच बसून होता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी माझा गुडघा बाजूला घेतला.

तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला.

"एस्तेरची पाळी मी घेतो, प्रभू."

पप्पांचा आवाज. इतक्या वर्षांत त्यांनी या घरात कुणाच्या कानावर पडेल अशी प्रार्थना केली नव्हती.

"माझा मुलगा बोलला ते तू ऐकलंस, आम्हीही ऐकलं. ऐकलं नाही असं आम्ही म्हणणार नाही. बाहेर बसलेल्यांच्या तोंडांना कुलूप लाव, प्रभू, आणि आम्हा घरच्यांची तोंडं उघड. आज या पोरीला कुणी बोलायला लावू नये. आमेन."

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. एकट्याच. मग हळूहळू बाकीच्या.

चहा झाला. त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. सालोमीबाई म्हणाल्या, "आज साखर जरा बेताचीच पडलीय," आणि दुसरी म्हणाली, "नाही बाई, मला तर बरोबर लागतेय." जाताना प्रत्येकीनं "सलाम" म्हटलं. एकीनं माझा हात धरून दाबला. ती नेहमीच दाबायची की आजच, हेही मला आठवेना.

उन्हं उतरल्यावर मी जयवंतला म्हणाले, "चला, फिरून येऊ." आम्ही पाटाच्या कडेनं चालत राहिलो. पाटाला पाणी नव्हतं, तळाशी चिखल भेगाळला होता.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"आणि मी उपास करत होते."

"हो."

"त्या माझ्या माहेराला शाप आहे म्हणत होत्या."

"हो. घरी असलो की मी आतून ऐकायचो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो," तो म्हणाला. "खूप वेळा. पण तू समोर असलीस की तुझा चेहरा दिसायचा."

"आणि देवाचा दिसत नाही."

"नाही ना. म्हणून तर."

"म्हणजे आज तुम्ही देवाला सांगितलंत की मला?"

जयवंत उभा राहिला. खरंच विचार करत असावा, कारण त्यानं पटकन काही गोड उत्तर दिलं नाही. "मला माहीत नाही, एस्तेर. सुरू केलं तेव्हा देवालाच सांगत होतो. मग मध्येच वाटलं, तू ऐकतेयस. मग थांबता येईना."

मी म्हणाले, "नवरा खोटं बोलला तर बायको भांडते. नवऱ्यानं प्रार्थना केली तर बायकोनं काय करायचं हो?"

"भांड की," तो म्हणाला. "मी कुठं नको म्हणतोय?"

पण मला भांडता येईना. भांडायला तोंड उघडलं की त्याचं 'प्रभू' म्हणून थांबणं आणि माझ्या गुडघ्याला लागलेला गुडघा आठवायचा. दया आली की लगेच गेल्या वर्षभरातला एकेक शुक्रवार आठवायचा. शाळेला सुट्टी होतीच. मी बॅग भरली आणि भावाकडे निघून गेले. घरात कुणी अडवलं नाही.

भावाकडे मला वेगळी खोली होती. मी पप्पांच्या पद्धतीनं करून बघितलं. दार लावलं, कडी घातली, गुडघ्यांवर बसले. पण देवाशी बोलायला लागले की दोन वाक्यांत ते जयवंतशी बोलणं व्हायचं. मी विचारायचे, त्याच्या वतीनं मीच उत्तर द्यायचे, त्यावर मीच चिडायचे. गुडघे दुखायला लागले की उठायचे. दार लावल्यावर खोलीत देव येतो म्हणतात. माझ्या खोलीत जयवंतच यायचा.

महिनाभरानं एक दिवस सकाळी सासूबाई आल्या. एकट्याच, एस.टी.नं. त्या कधी एकट्या प्रवास करत नसत. वहिनीनं दिलेलं पाणी त्या घटाघटा प्यायल्या, आणि वहिनी स्वयंपाकघरात गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मी आधी ठरवलं होतं, ऐकलंच नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेतलं बोलणं देवाचं असतं, माणसानं ते ऐकून धरायचं नसतं. असंच मी येसुदासच्या वेळी म्हणत होते. तुला पप्पांनी सांगितलं असेल."

"तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी."

"ते कधीच घेत नाहीत." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "तेव्हा मी दुसऱ्याचं बोलले आणि तो घर सोडून गेला. आता हा स्वतःचं बोलला, तर तू घर सोडून आलीस. मग बोलायचं कुणी आणि कुठं, सांग ना मला. मी देवाला विचारलं. तो काही बोलत नाही. म्हणून तुझ्याकडे आले."

मला काय माहीत असणार? मी म्हणाले, "बायका काय म्हणतात?"

"गावात कुणी काही बोललेलं नाही. मला वाटलं होतं, आता शुक्रवारी कुणी येणार नाही. तर सगळ्या आल्या. येऊन नुसत्या बसल्या. सालोमीसुद्धा गप्प. शेवटी ती म्हणाली, प्रभू, माझा मुलगा मला पुण्याला घेऊन जायचं म्हणतो हे खोटं आहे, तो वर्षभर आलाच नाही. आणि रडायला लागली. आता दर वेळी कुणीतरी असं काहीतरी बोलतं. स्वतःचं. मला भीती वाटते गं. चांगलं चाललंय की वाईट, समजत नाही."

"आणि पप्पा?"

"आतच असतात. पण कडी लावत नाहीत."

मग त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "मी तुला न्यायला आलेले नाही. यायचं नसेल तर मी जयवंतला समजावीन. वर्षभर तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतले ते मीच. त्याबद्दल मी तुझी माफी मागायला आले. हे मी तुला सांगतेय, देवाला नाही. त्याला वेगळं सांगितलंय."

मी त्यांच्याबरोबर परत गेले. का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माफ केलं होतं म्हणून नाही, एवढं नक्की. बहुधा भावाच्या घरातल्या त्या खोलीत एकटीनं भांडून मी दमले होते.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. आम्हाला मूल झालं नाही. दत्तक घ्यायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आम्हीच मागे सरलो. माझ्या पहिलीच्या वर्गातून गावातली अर्धी पोरं शिकून गेली. पप्पा गेले, सासूबाई गेल्या, सालोमीबाईही गेल्या. येसुदासकाकांचा काही पत्ता लागला नाही. लोक अजून मला विचारतात, बाई, प्रार्थना एकट्यानं करावी की मिळून? मी म्हणते, दोन्ही करावी. विचारणाऱ्याला ते उत्तर वाटतं.

पण मला आठवतो तो मी परत आले त्याच आठवड्यातला शुक्रवार. मी मध्ये बसले नाही, भिंतीला टेकून कडेला बसले. जयवंत स्वतःहून येऊन शेजारी बसला. कुणी माझ्या जवळ उभं राहिलं नाही. साखळी सुरू झाली आणि फिरत फिरत आली. जयवंत म्हणाला, "सगळ्यांना आशीर्वाद दे, आमेन." मग माझी पाळी.

या वेळी पप्पा आतून काही बोलले नाहीत. दार अर्धवट उघडं होतं, त्यांची सावली खुर्चीत दिसत होती.

मी डोळे मिटले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं:

"प्रभू, मला फार राग आलाय. जयवंतचा आलाय, या सगळ्यांचा आलाय आणि तुझाही आलाय. तो जात नाहीये. एवढंच."

आमेन म्हणायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

मला वाटलं, आता सगळ्या गप्प बसतील, किंवा कुणीतरी उठून माझ्यासाठी क्षमा मागेल. पण सालोमीबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "आमेन." सासूबाई म्हणाल्या, "आमेन." मग सगळ्या बायका म्हणाल्या, आतून पप्पाही म्हणाले. अशा प्रार्थनेला आमेन कशासाठी म्हणत होते ते? माझा राग बरोबर आहे म्हणून, की तो जावा म्हणून?

सगळ्यांचं म्हणून झालं. पुढची बाई आपलं सुरू करायला श्वास घेत होती, तेवढ्यात माझ्या शेजारून, सगळ्यांच्या नंतर, अगदी हळू आवाजात जयवंत एकटाच म्हणाला, "आमेन."